आलेला रंग

"हा रंग कोणी चढवला?" भिंगवाल्यानं विचारलं, आणि डोळ्याला लावलेलं भिंग तसंच ठेवून मान वर केली. एक डोळा माणसाचा आणि एक डोळा काचेचा, असा तो काउंटरपलीकडून बघत राहिला. प्रश्नात वाकडं काही नव्हतं. जखम कधी झाली असं डॉक्टर विचारतो, तितक्याच कोरडेपणानं त्यानं विचारलं होतं. पण काउंटरसमोर उभ्या आंबटच्या कानशिलात कोणीतरी सणसणीत ठेवून दिल्यासारखं झालं. त्याला आधी राग आला, मग आपल्याला राग का आला याचा राग आला, आणि या दोन रागांच्या मधल्या सांदीत कुठंतरी भीती हलली. अंधारात पायाखाली काहीतरी मऊ यावं तशी. "कोणी चढवला म्हणजे?" तो म्हणाला. "असाच आहे तो." "असाच नसतो हो साहेब," भिंगवाला म्हणाला. "चांदी टाकसाळीतून पांढरी निघते. पुढं तिला रंग एकतर येतो, नाहीतर कोणीतरी आणतो. आलेला असेल तर लोक वेडे होतात त्याच्यापायी. आणलेला असेल तर कचरा. मी एवढंच विचारतोय, आलेला की आणलेला?"

काचेवर हिरव्या मखमलीचा तुकडा होता आणि त्याच्यावर ते नाणं पडलं होतं. कुठल्यातरी मेलेल्या राजाचं टक्कल पडलेलं डोकं. कडेला गर्द निळा, निळ्याच्या आत जांभळा, मग गुलाबी, आणि राजाच्या गालापाशी मधासारखा पिवळा. गॅरेजसमोरच्या डबक्यात तेल सांडलं की असे रंग दिसतात, आणि ते दिसले की पाय उचलून टाकायचा असतो, एवढंच त्याला या रंगांबद्दल आजवर वाटत आलेलं. तो आला होता ते नाणं फुंकून टाकायला. चांदीच्या भावानं जे येईल ते घ्यायचं आणि मोकळं व्हायचं, असं जुन्या नाण्यांच्या दुकानाची पायरी चढताना त्यानं पक्कं केलं होतं. आता भिंगवाला ते बोटांच्या चिमटीत नुसतं कडेला धरत होता, नवजात पोराला धरावं तसं, आणि श्वाससुद्धा बाजूला सोडत होता. "तुमचा धंदा काय?" त्यानं मध्येच विचारलं. "मुलाम्याचा." भिंग खाली आलं. "म्हणजे सोन्याचा मुलामा?" "सोनं, चांदी, निकेल. कोणाला वस्तू जुनी दिसायला पाहिजे असेल तर काळी पण करून देतो." भिंगवाल्याच्या ओठाचा एक कोपरा हलला. "मग तुम्ही मला विचारायला आलात, की मी तुम्हाला विचारायला पाहिजे?"

त्याला आंबट हे नाव कोणी दिलं ते आता त्यालाही आठवत नव्हतं. मुलामा देणारा माणूस जन्मभर ॲसिडच्या टाक्यांवर वाकलेला असतो. कपड्यांना, केसांना, घामालासुद्धा एक आंबूस वास चिकटतो. त्यात चेहराही तसाच, लिंबू चावून ठेवल्यासारखा. नाव दोन्हीकडून बसलं आणि राहिलं. गिऱ्हाईकं तोंडावर म्हणत, आंबटशेठ, झालं का काम? बायको पाठीमागं म्हणायची, आणि अलीकडं समोरही. तो आता उभ्या उभ्या या भिंगवाल्याचा सराईत, गुळगुळीत आवाज ऐकत होता आणि त्याला वाटत होतं की हा माणूस आपल्या अंगाला येणारा वास घेऊन मगच बोलतोय. "माझं ऐकाल तर ग्रेडिंगला पाठवा," भिंगवाला म्हणाला. "तिथं तिघंजण बसतात, वेगवेगळे. तुमचं नाव बघत नाहीत, माझं बघत नाहीत. फक्त नाणं बघतात. रंग खरा वाटला तर दर्जाचा नंबर देतात आणि प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करून टाकतात. मग त्याच्याकडं कोणी बोट दाखवायचं नाही. नाही पटला, तर डबीवरच छापून येतं, रंग संशयास्पद. मग ते नाणं आयुष्यात डोकं वर काढत नाही." "आणि रंग? डबीत गेल्यावर?" "तिथंच थांबतो. हवाच नाही ना. वाढत नाही, उतरत नाही. आज आहे तसा. परवा माझं पार्सल जातंय. तोवर ठरवा." त्यानं नाणं कापसात गुंडाळून दिलं, आणि आंबट दाराशी पोचल्यावर मागून म्हणाला, "आणि बोटं लावू नका त्याला. तुमची बोटं म्हणजे साधीसुधी बोटं नाहीत."

बाहेर ऊन होतं, गाड्यांचा धूर होता, एका खांबावर कोणीतरी हरवलेल्या मांजराचा फोटो चिकटवला होता. तो कडेकडेनं चालला. खिशातल्या नाण्याला काही वजन नव्हतं आणि तरी त्याचं चालणं एका बाजूला झुकत होतं. कोणी चढवला. त्याला उत्तर ठाऊक होतं. दुकानात ते त्याच्या दातांपर्यंत येऊन थांबलं होतं. बापानं. दुसरं कोण? हा विचार येताच त्याला बरं वाटलं, अगदी शरीराला बरं वाटलं, कढत चहाचा पहिला घोट आत उतरावा तसं. म्हातारा जाता जाता सुद्धा फसवून गेला होता. घर थोरल्याला दिलं आणि धाकट्याच्या हातावर एक नाणं टेकवलं, ही गोष्ट आंबटनं इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितली होती की तिच्या कडा घासून गुळगुळीत झाल्या होत्या. आता त्या गोष्टीला नवी शेपटी फुटत होती. नाणंही खोटं. रंगवलेलं. आणि रंगवलं कशानं, तर माझ्याच औषधानं.

कारण बाप एकदा कारखान्यावर आला होता. एकदाच. कारखाना म्हणजे काय, मागच्या गल्लीतल्या दोन खोल्या, एकीला खिडकी आणि दुसरीला तीही नाही. बाप माल वाहतुकीच्या कचेरीत रोखपाल होता, आयुष्यभर पिंजऱ्यासारख्या जाळीमागं बसून दुसऱ्यांचे पैसे मोजलेले. निवृत्त झाल्यावर त्याला सगळीकडं जाळी नसल्यासारखं उघडं उघडं वाटायचं. तो आला, रुमालानं स्टूल पुसलं, बसला. आंबट तेव्हा एका चांदीच्या साखळीला काळं करत होता. गंधकाचं ते औषध, पत्र्याच्या डब्यात खडे असतात, कुजक्या अंड्याचा वास. कोमट पाण्यात टाकलं की पाणी पिवळं होतं. साखळी बुडवली, आणि बाप पुढं वाकला. चांदी पिवळी झाली, मग तांबूस, मग जांभळी, निळी, आणि बघता बघता काळी. काळं व्हायच्या आधी सगळे रंग येऊन जातात, एका दमात. रोजचं होतं ते. आंबटला त्यात काही दिसत नसे. पण बाप डोळे बारीक करून बघत होता. "मध्येच काढली तर?" त्यानं विचारलं. "तर जो असेल तो रंग राहतो." "राहतो?" "राहतो काही दिवस. पण गिऱ्हाइकाला काळंच लागतं, बाबा." बापानं साखळीकडं पुन्हा बघितलं. मग खोकला, उठला, स्टूल होतं तिथं सरकवून ठेवलं आणि गेला. पाणीसुद्धा प्यायला नाही. तेव्हा त्या प्रश्नाचं आंबटला काहीच वाटलं नव्हतं. आता रस्ता ओलांडता ओलांडता तो थांबला, मागच्या गाडीवाल्यानं शिवी हासडली, आणि त्याला बाप दिसला, स्वयंपाकघरात वाकलेला, वाटीत पिवळं पाणी, चिमट्यात नाणं, एक डोळा मिटलेला. मध्येच काढलेलं. निळ्यावर.

एक डोळा मिटून बघायची त्याची खोडच होती. पाव कापायचा तर सुरी मध्यावर टेकवून आधी डोळा मिटणार. दोन पोरांचं दूध दोन पेल्यांत ओतलं की खाली उकिडवा बसून दोन्ही पातळ्या नजरेच्या रेषेत आणणार, आणि चमच्यानं इकडचं तिकडं करणार. दूध तोवर गार. आंबटला लहानपणी वाटायचं की थोरला आणि आपण ही दोन माणसं नसून बापाच्या तराजूची दोन पारडी आहोत, आणि बापाचं प्रेम आहे ते त्या काट्यावर. काटा मध्ये राहिला की त्याला सुख. कधी कोणाला जवळ घेतलं नाही, कारण एकाला घेतलं की दुसऱ्यालाही तेवढाच वेळ घ्यावं लागलं असतं. आणि असा माणूस, ज्यानं दुधाच्या सायीचे दोन भाग केले, त्यानं घर मात्र अख्खंच्या अख्खं थोरल्याला द्यावं. "घरात राहतो त्याचं घर," म्हणाला होता. जेवणाच्या टेबलाशी बसून, जाळीमागून बोलावं तसा. "तुला कारखाना लावून दिला, तेव्हाच तुझं झालं." कारखाना! दोन ओल्या खोल्या आणि चार सेकंडहँड टाक्या. वहिनी दारात उभी होती, पदराशी चाळा करत. थोरला बोटांकडं बघत बसला होता. बापानं खिशातून एक खाकी पाकीट काढलं, चारी बाजूंनी डिंकानं चिकटवलेलं, जसं काही आतून कोणी पळून जाणार होतं, आणि टेबलावर आंबटच्या पुढं सरकवलं. "हे तुझं. जुनं चांदीचं नाणं आहे. जपून ठेव." आंबटनं ते उचललं आणि उठला. मागून बाप म्हणाला, "अरे थांब, अजून..." तो थांबला नाही. अजून काय? अजून उपदेश. जिना उतरताना त्याच्या मुठीत ते पाकीट चुरगळलं आणि नाण्याची कड तळव्यात रुतली. त्यानंतर तो त्या घरात गेला नाही. बाप इस्पितळात शेवटचा होता तेव्हा गेला, तर दारातच उभा राहिला. बाप झोपलेला होता, किंवा एक डोळा मिटून होता.

पाकीट त्यानं कधी फोडलंच नव्हतं. इतकी वर्षं. गेल्या आठवड्यात कारखान्यातलं जुनं टेबल बसलं. पाय ॲसिडनं खाल्ला होता, एके सकाळी तो न सांगता सवरता मोडला आणि तिन्ही ड्रॉवर जमिनीवर घरंगळले. खालच्या ड्रॉवरमधून ते पाकीट निघालं, तपकिरी पडलेलं, कुरकुरीत. फाडलं तर आतून हे.

"मग पाठवा की," बायको म्हणाली. ती शिलाई मशीनवर होती. लोकांच्या पँटी आखूड करून देणं हा तिचा उद्योग, आणि बोलताना सुई थांबवायची नाही ही तिची रीत. "खरं निघालं तर विकू. खोटं निघालं तर निदान बापाचं पुराण बंद होईल." "बंद कसं होईल? खोटं निघालं म्हणजे मी बोलतोय ते खरं." "अच्छा. म्हणजे खोटं निघायला पाहिजे तुम्हाला." मशीन खडखडत राहिली. "आणि खरं निघालं तर?" ती म्हणाली. "म्हणजे त्या म्हाताऱ्यानं तुम्हाला घरात होतं नव्हतं त्यातलं सगळ्यात भारी दिलेलं असलं तर? मग काय कराल? दादांना फोन करून रडाल?" "तू शिव." "शिवतेच आहे. मी तर म्हणते दादांनाच विचारा. त्यांच्यासमोरच पाकिटात घातलं असेल. रंगीत होतं की पांढरं होतं, एका शब्दाचं काम. त्यासाठी तीन माणसं आणि प्लास्टिकची डबी कशाला लागते?" तिनं दोरा दातानं तोडला. "पण विचारणार नाही तुम्ही. तुम्हाला उत्तर नकोय. तुम्हाला तक्रार पाहिजे." हे ती काही चिडून बोलली नव्हती. भाजीत मीठ कमी आहे, असं सांगावं तसं बोलली. आंबट आत जाऊन पलंगावर पडला. छतावर ओलीचा एक डाग होता, त्यालाही कडेला पिवळी रेघ होती, आणि आत तपकिरी. तो डाग कोणी आणला नव्हता. आला होता. वरच्या मजल्यावरच्या माणसाला त्यानं कितीदा सांगितलं होतं, आणि वरचा म्हणायचा, आमच्याकडं सगळं कोरडं आहे.

दुसऱ्या दिवशी तो गेला. विचारायला चाललो आहे असं त्यानं स्वतःलाही सांगितलं नाही. पाय गेले. घर तेच होतं, नुसतं रंगवलेलं, आणि त्यामुळे अनोळखी माणसानं ओळखीचा सदरा घालावा तसं दिसत होतं. दार वहिनीनं उघडलं. केस सगळे पांढरे. तिनं एक क्षण त्याच्याकडं बघितलं आणि आत वळून ओरडली, "अहो, भावजी आलेत," जणू तो कोपऱ्यावर सिगरेट आणायला गेला होता. थोरला आला, चष्मा कपाळावर, गुडघा धरून. "ये," म्हणाला. "बस. आंबट झालास अगदी." "ते नावच आहे माझं." "ते नाही. केस म्हणतोय. पिवळट झालेत." दोघं बसले. त्याच टेबलाशी. आंबटनं खिशातून कापूस काढला, उलगडला आणि नाणं टेबलावर ठेवलं; बापानं सरकवलं होतं तेवढंच सरकवलं. "हे ओळखतोस?" थोरल्यानं चष्मा खाली घेतला. बराच वेळ बघितलं. "काय केलंस रे हे? इतकं देखणं?" "मी नाही केलं. बाबांनी दिलं ते." "बाबांनी हे दिलं नव्हतं," थोरला म्हणाला. "हे म्हणजे, हेच दिलं होतं. पण पांढरं होतं. लखलखीत. माझ्यासमोर पाकिटात घातली की दोन्ही."

दोन्ही. हा शब्द थोरल्यानं सहज टाकला आणि तो टेबलावर नाण्याशेजारी पडून राहिला. वहिनी तोवर काचेच्या कपाटाकडं गेली होती. बापाचा चष्मा, बापाचं पेन, आणि मध्ये एक लाकडी ठोकळ्यावर उभं केलेलं नाणं. तिनं ते आणून ठेवलं. तोच राजा. फक्त त्याला नाक नव्हतं, कान नव्हता, डोक्याचा नुसता गोल राहिला होता, आणि सगळ्याचा पांढरा, मेलेला, भांड्यासारखा चकचकाट. "दर रविवारी घासते मी," ती म्हणाली. "टूथपेस्टनं. त्यांची आठवण आहे ना. तुमचं हे किती काळवंडलंय भावजी. द्या, दोन मिनिटांत करून देते." "नको," आंबट इतक्या जोरात म्हणाला की तिनं हात मागं घेतला. थोरला हसला. "दोन पाकिटं होती. धाकट्याला आधी, म्हणून तुझं पहिलं काढलं. दुसरं खिशातून निघायच्या आत तू जिन्यावर." अरे थांब, अजून. म्हणजे ते अजून, हे होतं. अजून एक पाकीट. आंबटनं दोन्ही नाण्यांकडं आळीपाळीनं बघितलं. "मग सारखीच होती," तो म्हणाला. "वाटप बरोबर झालं म्हणायचं." "सारखी नव्हती," थोरला म्हणाला. "आदल्या दिवशी कचेरीत जाऊन टपालाच्या काट्यावर घालून आले होते दोन्ही. तुला माहीत आहे ना त्यांचं. एक किंचित जड निघालं. केसभर. ते तुझ्या पाकिटात घातलं. मी म्हटलं, बाबा, एवढ्यानं काय होतंय? तर म्हणाले, त्याला घर नाही."

वहिनी चहा ठेवायला आत गेली. आतून तिचा आवाज येत होता, कपांच्या किणकिणाटातून. "तुमच्या कारखान्यावरून आले ना एकदा, तर दोन दिवस खोकत होते. म्हणाले, तिथं श्वास घेता येत नाही, पोरगा कसा उभा राहतो कोण जाणे. मी म्हटलं, सांगायचं होतं ना त्यांना, मोठी खिडकी पाडा. तर म्हणाले, मी सांगितलं तर तो आहे ती पण बंद करेल." थोरला यावर मोठ्यानं हसला. आंबटला हसू आलं नाही. केसभर. त्यानं त्या शब्दाला आतून चावून बघितलं. इतकी वर्षं आपण जे चघळलं त्यात रस होता. रोज सकाळी टाकीचं झाकण काढताना, गिऱ्हाइकाशी भांडताना, बायकोवर ओरडताना, पोटात एक निखारा असायचा आणि त्याच्यावर सगळा दिवस शिजायचा. मला फसवलं. या दोन शब्दांवर तो माणूस म्हणून उभा होता. आणि आता ही दोन म्हातारी माणसं चहा पाजून त्याला सांगत होती की तुला कोणी फसवलेलं नाही. उलट तुझ्या पारड्यात केसभर जास्त टाकलं होतं. गुपचूप. तुला कळणार नाही इतकं. मग द्यायचं तरी कशाला? ज्यानं जन्मात एकदा काटा मुद्दाम हलवला, त्यानं तो इतका हलवला की टपालाच्या काट्यालाच कळावं. त्याला बापाची मान धरून विचारावंसं वाटलं, तुमचं जास्तीत जास्त एवढंच होतं का? चहा आला तेव्हा तो उठला होता. "अरे थांब," थोरला म्हणाला. पुढचं काही म्हणाला नाही.

कारखान्यात संध्याकाळचा उजेड एकाच खिडकीतून येत होता, तिरका, धुरकट, टाक्यांच्या पाण्यावर साचलेला. मोडलेलं टेबल त्यानं विटांवर उभं केलं होतं. तो स्टुलावर बसला, बाप बसला होता त्याच, आणि समोरच्या तीन ड्रॉवरकडं बघत राहिला. वरच्यात बिलं. मधल्यात पकडी, ब्रश, तारा. खालच्यात पत्र्याचा डबा, गंधकाच्या औषधाचा. झाकण कधीच नीट न बसलेलं. आणि मग त्याला तो दिवस आठवला. जिन्यावरचा नव्हे, तो तर रोजच आठवायचा. त्यानंतरचा अर्धा तास. तो पाकीट मुठीत घेऊन इथं आला होता. वरचा ड्रॉवर उघडला होता. बिलं बघितली होती. आणि बंद केला होता. मग वाकून खालचा उघडला. डब्याच्या अगदी शेजारी, झाकणाच्या फटीला लावून ते पाकीट ठेवलं. दुसरा कोणी असता, शिंपी, शिक्षक, कोणीही, तर त्याला माफ होतं. त्यांना काय ठाऊक चांदीला काय बाधतं? पण मुलामा देणाऱ्या माणसानं त्या डब्याशेजारी चांदी ठेवावी, हे विसरून होत नाही. नव्या गिऱ्हाइकाची वस्तू चुकून त्या ड्रॉवरजवळ नेली म्हणून त्यानं हाताखालच्या माणसाला एकदा हाकलून दिलं होतं. होऊ दे काळं, असं म्हणाला होता तो त्या दिवशी. ओठ हलवून, मोठ्यानं. होऊ दे काळं, आणि म्हाताऱ्याच्या प्रेमाचं जे काही असेल तेही.

झालं नाही. पाकीट खाकी जाड कागदाचं, आणि म्हाताऱ्याच्या डिंकानं चारी बाजू बंद. वाफ आत शिरली ती कणाकणानं, वर्षावर्षानं. साखळी एका दमात काळी झाली होती. हे मात्र पिवळ्याशी रेंगाळलं, गुलाबीशी रेंगाळलं, कडेनं निळं होत होत थांबलं, आणि टेबलाचा पाय मोडला. त्याला हसू फुटलं, खोकल्यासारखं. आता सांगा, आलेला की आणलेला? ती तीन माणसं भिंगं लावून बघतील आणि म्हणतील, असा रंग काही कोणी एका दिवसात आणत नाही. खरा आहे. हळूहळू आलेला. नंबर देतील, चांगला देतील. प्लास्टिकच्या डबीत आंबटचा सगळा विखार गोरागोमटा होऊन बसेल, आणि कुठल्यातरी घरात कुठलातरी माणूस पाहुण्यांना तो उजेडात धरून दाखवेल, बघा, निसर्ग काय करतो. भिंगवाल्याचं पार्सल उद्या जाणार होतं. बायको मशीनवर वाट बघत असेल. विकलं तर थोडी वर्षं आरामात जातील हे त्यालाही कळत होतं, तो काही वेडा नव्हता. डबीत घातलं की तिथंच थांबतो, म्हणाला होता भिंगवाला. वाढत नाही, उतरत नाही.

त्यानं कापूस उलगडला. तिरक्या उजेडात राजाचा गाल मधासारखा पेटला आणि एक क्षण, खरंच एकच क्षण, त्याला ते सुंदर दिसलं. बाप साखळीवर वाकला होता तेव्हा बापाला दिसलं असेल तसं. मध्येच काढली तर? नुसतं विचारत होता म्हातारा. दुसरं काही नव्हतं त्यात. आवडलं होतं त्याला, आणि एवढंच बोलता आलं. आंबटनं नाणं उचललं, कडेला नव्हे, राजाच्या तोंडावर आंगठा दाबून. मग वाकून खालचा ड्रॉवर ओढला. कुजक्या अंड्यांचा वास अंगावर आला, ओळखीचा. पाकीट नव्हतं, कापूस त्यानं बाजूला फेकला. नाणं तसंच उघडं, डब्याच्या झाकणावर, फटीच्या तोंडाशी ठेवलं आणि ड्रॉवर सरकवला. विटांवरचं टेबल जरा डगमगलं आणि स्थिर झालं. खिडकीपाशी जाऊन तो थोडा वेळ उभा राहिला. ती बंद होती. त्यानं ती उघडली नाही.

घरी बायको पँटीची घडी घालत होती. "दिलंत का पाठवायला?" "नाही." "का? खोटं आहे म्हणाले दादा?" "नाही." "मग खरं आहे?" "अजून झालं नाही ते," आंबट म्हणाला, आणि हात धुवायला आत गेला. साबण लावून धुतले, हुंगले, पुन्हा धुतले. बाहेर मशीन सुरू झाली नव्हती.